उसण गेली

मी पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आलेला. यात माझं कर्तृत्व काहीच नाही. कळा आईने सोसल्या, घाम सुईणीला फुटला आणि नाव मात्र माझं झालं. आमच्याकडे मानतात की पायाळू माणसाने पाय लावला की पाठीत भरलेली उसण निघते. वाकताना नाहीतर हंडा उचलताना पाठीत जी कळ धरून बसते, श्वाससुद्धा घेऊ देत नाही, ती उसण. मी पंधरा वर्षांचा होतो तेव्हापासून लोक माझ्याकडे पाठ करून उभे राहत आले आहेत.

बदलापूरजवळच्या खरवईला आमचं घर आहे. चारी बाजूंनी टॉवर उठले, मध्ये आमचा ओटा तेवढा राहिला. रविवारी सकाळी त्या ओट्यावर माणसं येत. गावातली येत, टॉवरमधली कॉम्प्युटरसमोर बसून पाठ धरलेली पोरं येत, आणि उल्हासनगर कॅम्प एकहून हितेशभाई यायचे, त्यांचं कापडाचं दुकान आहे. ते गाडी घेऊन यायचे आणि ओट्यावर बसून सगळ्यांना सांगायचे, "साईं, डॉक्टर लोक एमआरआय करून थकले. आनंदाभाऊने एक लात मारी, खतम." मी आपला नको नको म्हणत हात हलवायचो, पण ते थांबले तर मला चुकल्यासारखं व्हायचं.

पद्धत ठरलेली होती. माणसाने भिंतीला हात टेकून पाठमोरं उभं राहायचं. मी डाव्या पायाने दुखऱ्या जागी तीनदा हलकेच मारायचं आणि विचारायचं, "गेली?" त्याने खांदे हलवून बघायचे आणि म्हणायचं, "गेली." एरवी चुकून कुणाला पाय लागला तर आपण लगेच हात लावून नमस्कार करतो. इथे तो करायचा नाही. केला तर गुण येत नाही, असं आई सांगायची. त्यामुळे चाळीसेक वर्षं मी लोकांच्या पाठीत लाथा घातल्या आणि एकदाही कुणाची माफी मागितली नाही.

हे एवढंच असतं तर मी साधा गावठी माणूस ठरलो असतो आणि कुणाचं फारसं नुकसान झालं नसतं. पण मी शिकलेला होतो. तिथेच सगळं बिघडलं.

अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या दवाखान्यात मी एकतीस वर्षं ड्रेसर होतो. दवाखाना म्हणजे एक खोली, एक खाट आणि औषधांचं कपाट. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे, बाकीचे दिवस मीच. त्या डॉक्टरांनी मला अपेंडिक्स ओळखायला शिकवलं होतं. बेंबीपासून उजव्या कमरेच्या हाडाच्या टोकापर्यंत मनात रेघ ओढायची, तिचे तीन भाग करायचे, हाडाकडून पहिला भाग संपतो तिथे बोटं हळूहळू दाबायची आणि झटकन सोडायची. सोडताना माणूस ओरडला की समजायचं. पॅकिंगमधला किसन एकदा पोट धरून आला तेव्हा मी दाबलं, सोडलं, तो खाटेवरून उडाला आणि तासाभरात ऑपरेशनला गेला. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. ती थाप मी पुढची पंचवीस वर्षं घालून मिरवली. लग्नात, बारशात, दहाव्याला बसलो तरी कुठूनतरी विषय पोटदुखीवर आणायचा आणि किसनची गोष्ट सांगायची. माझी बायको विठा ती गोष्ट सुरू झाली की पाणी आणायला आत जायची.

आता स्वप्नालीचं सांगतो. ती माझी एकुलती मुलगी, तेवीस वर्षांची, कॅम्प एकमधल्या एका जीन्सच्या कारखान्यात ऑर्डरी बघते. शुक्रवारी संध्याकाळी ती कामावरून आली आणि जेवली नाही. बेंबीभोवती दुखतंय म्हणाली, मग एकदा उलटी झाली. मी म्हणालो, "दाल-पकवान हाणलं असशील. घरचा डबा गोड लागत नाही ना तुम्हाला." ती गरम पाणी पिऊन झोपली.

शनिवारी बेंबीभोवतीचं दुखणं कमी झालं होतं. आता उजवीकडे मागे, बरगड्यांच्या खाली आणि कमरेच्या वर दुखत होतं. तिने सहज सांगितलं की गुरुवारी तिने सॅम्पलचा एक गठ्ठा एकटीने उचलला होता. मला तेवढंच हवं होतं.

"उसण भरलीय," मी म्हणालो.

"पप्पा, मी मोबाइलवर बघितलं," ती म्हणाली. "आधी बेंबीपाशी दुखतं, उलटी होते, मग उजवीकडे जातं. अपेंडिक्स पण असू शकतं ना?"

हे वाक्य ती दुसऱ्या कुणाला म्हणाली असती तर चाललं असतं. मला म्हणाली. किसनचं अपेंडिक्स पकडणाऱ्या माणसाला त्याची पोर मोबाइल दाखवून अपेंडिक्स शिकवते म्हणजे काय! मी विठाला शेजारी बसवलं, स्वप्नालीला पाटीसारखं सरळ निजवलं, रेघ धरली, बोटं रुतवली आणि झटकन सोडली.

"दुखलं?"

"नाही. तिथे नाही. मागे दुखतंय."

"बघ. पोट लोण्यासारखं मऊ आहे. अपेंडिक्स असतं तर आत्ता आढ्याला लागली असतीस. मोबाइल ठेव बाजूला."

विठा हळूच म्हणाली, "अवो, एकदा डाक्टरला दावून यायला काय जाताय?" मी तिच्याकडे असं बघितलं की ती पुढे बोलली नाही. मग मी स्वप्नालीला दुखणं थांबायची गोळी दिली, भिंतीशी उभं केलं आणि पाय लावला.

"गेली?"

खांदे हलवून ती म्हणाली, "गेली."

दिवसभर ती अंथरुणात होती. डाव्या कुशीवर, उजवा गुडघा पोटाशी घेऊन. पाय लांब केला की मागे ओढतंय म्हणत होती. मी ते ऐकलं, बघितलं आणि वर सांगितलं की उसणीत असंच होतं. रात्रीपर्यंत तिला आणखी तीन गोळ्या दिल्या. गोळीने ताप आणि कळ दोन्ही दबतात, हे एकतीस वर्षं दवाखान्यात बसलेल्या माणसाला ठाऊक नव्हतं असं नाही.

रविवारी सकाळी नवाच्या सुमारास ओट्यावर चार माणसं बसली होती. हितेशभाईही होते. स्वप्नाली चौकटीला धरून बाहेर आली, कमरेत वाकलेली, एक हात उजव्या मांडीवर. मला वाटलं ही लोकांसमोर मुद्दाम माझं हसं करायला आली आहे. खरंच असं वाटलं मला. ते आता लिहितानासुद्धा कानशिलं तापतात.

"पप्पा, जरा आत या ना," ती हळू म्हणाली.

"आत कशाला? कालची परत भरलीय. ये, उभी राहा."

"पप्पा..."

"अरे बेटा, दो मिनिट का काम है," हितेशभाई प्रेमाने म्हणाले. "बापाच्या हातात, मतलब पायात, जादू आहे."

ती भिंतीला हात टेकून उभी राहिली. उजवा गुडघा वाकलेलाच होता, टाच टेकत नव्हती. मी म्हणालो, पाय सरळ कर. तिला जमेना. मग मी खाली बसलो, तिचा घोटा धरला आणि पाय मागे ओढून सरळ केला. ती ओरडली. ओट्यावरची माणसं दचकली. एकजण म्हणाला, "निघाली वाटतं." मी उठलो आणि तीनदा पाय मारला. लोक बघत होते म्हणून नेहमीपेक्षा जरा जोरातच मारला.

"गेली?"

तिने कपाळ भिंतीला टेकवलं होतं. तिचा चेहरा दिसत नव्हता. "गेली," ती म्हणाली.

हितेशभाईंनी टाळी वाजवली. स्वप्नाली वळली, चार पावलं चालली आणि उंबऱ्यातच खाली घसरली. तिथेच ओकली. विठा आतून धावत आली, पोरीच्या गळ्याला हात लावून ओरडली, "अवो, हिचा आंग बगा कसा घामानं भिजलाय! गार पडलाय!"

हितेशभाईंनी गाडीचं दार उघडलं. वीस मिनिटांत आम्ही बदलापूर स्टेशनच्या पूर्वेला एका दोन मजली हॉस्पिटलात होतो.

डॉक्टर होत्या हिमानी मॅडम. सर्जन, वयाने माझ्या मुलीपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठ्या असतील. मी त्यांना आधी काय सांगितलं असेल? म्हणालो, "मॅडम, मीसुद्धा मेडिकल लाइनमधलाच. एकतीस वर्षं." त्यांनी मान हलवली आणि स्वप्नालीचं पोट तपासलं. त्यांनीही त्याच रेघेवर बोटं ठेवली. तिला दुखलं नाही. मी विठाकडे बघितलं, बघ म्हणून. इतकं होऊनही बघितलं.

"कधीपासून दुखतंय?" मॅडमनी विचारलं.

हा प्रश्न मला होता. मी तोंड उघडलं. शुक्रवार म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, मग दोन दिवस काय केलंत? त्याचं उत्तर माझ्या डाव्या पायात होतं. मी चष्मा पुसायला काढला.

"आज सकाळपासून," स्वप्नाली म्हणाली.

"गोळी वगैरे काही घेतली?"

"नाही."

"कुणी चोळलं, मालिश केलं?"

"नाही मॅडम. पप्पांनी फक्त बाम लावला."

मी तिच्याकडे बघितलं. तिने डोळे मिटून घेतले होते. विठा पदराच्या टोकाला पीळ घालत खाली बघत राहिली. दारात हितेशभाई उभे होते, तासापूर्वीच टाळी वाजवलेले. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि मोबाइल काढून त्यात डोकं घातलं. तिघेही मिळून माझी अब्रू झाकत होते आणि मी ती झाकू देत होतो. मला तेव्हा काय वाटलं ते सांगतो. सुटल्यासारखं वाटलं.

लघवी तपासली, तिच्यात थोड्या रक्ताच्या पेशी निघाल्या. सोनोग्राफीत खडा दिसला नाही, अपेंडिक्सही दिसलं नाही, आतड्यात गॅस फार होता. मॅडम म्हणाल्या, "पाठीत दुखतंय, पोट मऊ आहे, ताप फार नाही. बारीक खडा सरकत असेल किंवा लघवीचं इन्फेक्शन. आत्ता चार-पाच तासच झालेत. सलाईन लावू, लक्ष ठेवू, गरज वाटली तर उद्या सकाळी पुढचं बघू."

चार-पाच तास. खरे चाळीस झाले होते. ताप फार नव्हता, कारण सकाळी सातला मी पाचवी गोळी दिली होती. मॅडमनी सगळं बरोबर केलं, फक्त त्यांच्या हातात आम्ही खोटा आकडा दिला होता. हे माझ्याइतकं त्या वॉर्डात कुणालाच कळत नव्हतं, आणि मी खाटेशेजारी स्टुलावर बसून सलाईनचे थेंब बघत होतो.

बारा वाजले, एक वाजला. विठा म्हणाली, "सांगा की वो त्यांना." मी म्हणालो, "सांगतो. राउंडला आल्या की सांगतो." मॅडम दोन वाजता राउंडला आल्या, स्वप्नालीला "कसं वाटतंय?" विचारलं, ती "ठीक" म्हणाली, आणि मी "थँक्यू मॅडम" म्हणालो. विठाने माझ्याकडे बघणं सोडून दिलं. ती कपडे आणायला म्हणून घरी गेली. 

हितेशभाई मोसंबी घेऊन परत आले आणि खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. स्वप्नाली डाव्या कुशीवर वळली होती, उजवा गुडघा पोटाशी. ओठ पांढरे पडले होते. त्या सहा खाटांच्या वॉर्डात सगळ्या नातेवाइकांच्या गप्पा चालल्या होत्या, कुणीतरी डबा उघडला होता, खिडकीत पंखा घरघरत होता. आणि एकदम पंखा थांबला.

"गेली!" पलीकडच्या खाटेवरची बाई म्हणाली.

"गेली काय?" दारातून कुणीतरी विचारलं.

"गेली, गेली," तीन-चार जण एकदम म्हणाले.

लाइट गेली होती. बदलापुरात ती रोज जाते, आणि रोज लोक असंच म्हणतात. पण मला दुसरंच ऐकू आलं. मी उठून स्वप्नालीच्या नाकाशी हात धरला. श्वास चालू होता, भराभर चालला होता. तिने डोळे उघडले आणि विचारलं, "काय झालं पप्पा?" त्या आवाजात ती मलाच सांभाळून घेत होती. मग मला तिथे उभं राहवेना.

मॅडम वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला टेबलाशी काही लिहीत होत्या. मी तिथे जाऊन उभा राहिलो. पंखे बंद, त्यामुळे वॉर्डात शांतता. मी हळू बोलायचं ठरवलं होतं, पण तोंडातून आवाज मोठा आला.

"मॅडम, आज सकाळपासून नाही. शुक्रवार संध्याकाळपासून दुखतंय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "शुक्रवार?"

"आधी बेंबीपाशी. उलटी. मग मागे गेलं. गोळ्या दिल्यात. पाच. मीच दिल्या."

"आणि मघाशी सांगितलं का नाही?"

"लाथ मारली होती."

"काय?"

"लाथ. पाठीत. काल आणि आज. मी पायाळू आहे. तिला उसण भरली असं वाटलं. तिचा पाय सरळ होत नव्हता, तर मी ओढून सरळ केला."

खाटांवरची सगळी डोकी वळली होती. कुणीतरी तोंडावर पदर घेऊन हसलं. एक म्हातारी म्हणाली, "आग बाई, पोटच्या पोरीला?" हितेशभाई मोसंब्यांची पिशवी धरून तसेच उभे होते. आयुष्यभर लोकांनी माझ्याकडे पाठ केली ती विश्वासाने. त्या दिवशी सगळे तोंड करून बघत होते आणि मला माझे हात कुठे ठेवावेत कळत नव्हतं.

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "तिचा कोणता पाय सरळ होत नव्हता?"

"उजवा."

त्या उठून जवळजवळ पळतच खाटेशी गेल्या. स्वप्नालीला डाव्या कुशीवरच ठेवलं, एक हात तिच्या कमरेवर रोवला आणि दुसऱ्या हाताने उजवी मांडी हळू मागे नेली. सकाळी मी केलं होतं तेच, पण हळू. स्वप्नाली किंचाळली. मग त्यांनी पाठीमागून बरगड्यांखाली हलकंसं बोट दाबलं आणि ती पुन्हा कळवळली.

"सीटी करायचा. आत्ताच्या आत्ता," त्या सिस्टरला म्हणाल्या. "ऑपरेशन थिएटर तयार ठेवा."

जनरेटर सुरू झाला, सीटी झाला. सहाच्या आधी तिला आत नेलं. विठा कपड्यांची पिशवी घेऊन आली तोपर्यंत दार बंद झालं होतं. मी तिला म्हणालो, "सांगितलं." ती म्हणाली, "लय लवकर सांगितलात." आणि माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसली.

दीड तासाने मॅडम बाहेर आल्या. पोर ठीक होती. अपेंडिक्स एका जागी काळं पडलं होतं, फुटायच्या बेतात होतं, मागे पू साचायला लागला होता. "उद्या सकाळपर्यंत थांबलो असतो तर..." एवढं म्हणून त्यांनी टोपी काढली आणि वाक्य तिथेच सोडलं.

मी खुळ्यासारखा म्हणालो, "पण मॅडम, मी दाबून बघितलं होतं. तिथे दुखत नव्हतं."

त्यांनी एका कागदाच्या मागे चित्र काढलं. मोठ्या आतड्याची सुरुवात म्हणजे एक पिशवी, तिला लोंबणारं एक शेपूट. "लोकांना वाटतं अपेंडिक्सचा एकच पत्ता असतो," त्या म्हणाल्या. "मूळ साधारण ठरलेलं असतं, शेपूट कुठेही जातं. कुणाचं खाली ओटीपोटात उतरतं, मग जुलाब होतात, लघवीला जळजळतं. कुणाचं पिशवीच्या मागे वर वळलेलं असतं. तुमच्या मुलीचं तसं होतं. समोर आतड्याची पिशवी उशीसारखी आडवी. तुम्ही दाबलंत ते त्या उशीवर. मीही आधी तिथेच दाबलं, माझ्याही हाताला काही लागलं नाही. अशांना पाठीत दुखतं. मांडीचा मोठा स्नायू तिथूनच खाली जातो, म्हणून पाय लांब केला की कळ येते. शेजारून लघवीची नळी जाते, म्हणून लघवीत पेशी. सगळं ती सांगत होती. पहिल्या दिवसापासून."

"जन्मापासूनच तसं असतं?" मी विचारलं.

"बहुधा."

माझे पाय आधी बाहेर आले त्याचा आम्ही चाळीस वर्षं गाजावाजा केला. पोरीचं एक बोटभर आतडं उलटं वळलं होतं, तिने स्वतः तोंडाने सांगितलं, तर तिला म्हणालो मोबाइल ठेव बाजूला. किसनचं अपेंडिक्स समोर होतं म्हणून मी हुशार ठरलो होतो. त्याच्या आतड्याची हुशारी मी माझ्या नावावर खपवली.

तिसऱ्या दिवशी स्वप्नाली उशीला टेकून बसली, पेज प्यायली. विठा भांडी विसळायला गेली तेव्हा आम्ही दोघंच होतो. मी तिला विचारलं, "शनिवारी पाय लावल्यावर तू गेली म्हणालीस. थोडा वेळ तरी बरं वाटलं होतं का?"

"नाही."

"अजिबात नाही?"

"नाही पप्पा. उलट वाढलं."

"मग म्हणालीस का?"

तिने चादरीचा कोपरा नीट केला. "तुम्ही विचारता ना, गेली म्हणून, तेव्हा तुमचा चेहरा बघितलाय का कधी तुम्ही? नाही म्हणवतच नाही कुणाला." मग म्हणाली, "रविवारी तर सगळे बसलेले. मी नाही म्हणाले असते तर त्यांच्यासमोर तुमचं काय राहिलं असतं?"

उंबऱ्यात घसरून पडायच्या आधीची ती चार पावलं मला आठवली. ती चार पावलं ती माझ्यासाठी चालली होती. आणि त्याच्यामागे मला भिंतीला हात टेकून उभी असलेली माणसं आठवायला लागली, चाळीस वर्षांतली, एकामागून एक. त्या सगळ्यांनी खांदे हलवून माझा चेहरा बघितला असेल. मी कधी त्यांची पाठ बघितलीच नव्हती, मी फक्त उत्तराची वाट बघायचो.

मी उठलो. तिच्या पाठीला, बरगड्यांखाली, जिथे पाय मारला होता तिथे हळूच उजवा हात टेकवला आणि तो हात डोळ्यांना लावला. आई म्हणायची तसा गुण नाही आला तर नाही. आता यायचाच कुठे होता!

"काय करताय पप्पा, कुणी बघेल," ती म्हणाली.

"बघू दे."

विठा भांडी घेऊन दारात उभी होती. तिने बघितलं. आत आली आणि या वेळी माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली.

मी खाली बसून मुलीचा हात धरला आणि विचारलं, "पाठ कशी आहे आता?" विचारताना मुद्दाम मान खाली घातली, तिला माझा चेहरा दिसू नये म्हणून.



"दुखतंय पप्पा," ती म्हणाली. "अजून दुखतंय."